येथे शिळे मटण मिळणार

अर्धेशेठ हे काही त्यांचं आडनाव नव्हे. शाळेत असताना त्यांना वाक्य पूर्ण लिहायचा कंटाळा होता. सुरुवात झोकात व्हायची, पण मराठीत क्रियापद बसतं सगळ्यात शेवटी, आणि तिथवर पोचेपर्यंत यांचं चित्त खिडकीबाहेर गेलेलं असायचं. मराठीच्या बाईंनी एकदा त्यांची वही वर्गासमोर धरून विचारलं, "अर्ध्या, बाकीचं वाक्य काय घरी ठेवून आलास?" ते नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे ते वडिलांच्या मटणाच्या दुकानात उभे राहायला लागले, अंगाने भरले, केस मागे हटले, तेव्हा लोकांनी शेपटाला 'शेठ' जोडून नावाला जरा इज्जत दिली. गल्लीला त्यात काही वाटत नसे. नवखं गिऱ्हाईक मात्र 'अर्धेशेठचं दुकान' ऐकलं की आधी काट्याकडे बघायचं.

काट्यात खोट नव्हती. मापात पाप करायला जी हुशारी लागते ती त्यांच्याकडे नव्हती आणि तशी इच्छाही नव्हती. वडिलांनी जाताना दुकानाबरोबर तीन नियम ठेवले होते, ते त्यांनी सुऱ्यासारखे जपले. पहिला, दुकानात फ्रिज ठेवायचा नाही. फ्रिज आला की माणूस उद्याचा विचार करायला लागतो, आणि मटणवाल्याने उद्याचा विचार करू नये. दुसरा, दुपारचे बारा वाजले की सुरा धुवायचा. आकड्याला काही लटकत असलं तरी विकायचं नाही, घरी न्यायचं. आणि तिसरा, घरातलं ताट गिऱ्हाइकाला दाखवायचं नाही. धंदा बसला तरी तोंड बसलेलं दिसता कामा नये.

धंदा मात्र उभा होता तो बाईंवर. त्याच त्या मराठीच्या बाई. आता निवृत्त झालेल्या, दुकानासमोरच्या घरात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या. दर रविवारी सकाळी त्या कापडी पिशवी घेऊन रस्ता ओलांडत आणि एकच शब्द बोलत, "नेहमीचं." अर्धेशेठ पुढच्या फऱ्याचा, म्हणजे पुढच्या पायाचा, जरा हाडाचा, जरा चरबीचा भाग कापत आणि वर न मागता कलेजीचे दोन तुकडे ठेवत. बाई पिशवीत बघतसुद्धा नसत. ज्या बाईंनी तीस वर्षं प्रत्येक वहीत चूक शोधली, त्या इथे पिशवीत डोकावत नाहीत, हे गल्ली बघायची आणि मागोमाग रांगेला उभी राहायची.

पण अर्धेशेठना बाईंचं जे मोल होतं ते रांगेमुळे नव्हे. शाळेत नापास झाले त्या वर्षी वडिलांना बोलावणं गेलं होतं. हे दाराआड उभे राहून ऐकत होते. बाई म्हणाल्या, "अभ्यासात कच्चा आहे, पण खोटं बोलत नाही. खुशाल दुकानात बसवा." नापास झालेल्या माणसाला मिळालेलं तेवढंच एक प्रमाणपत्र. भिंतीवर लावता येत नाही, म्हणून ते त्यांनी मनात लावून ठेवलं होतं.

आणि मग तो व्हिडिओ आला.

कुठल्या तरी लांबच्या शहरात, कुणाच्या तरी गोदामात, कुणी तरी जुनं मटण धुऊन, रंगवून ताजं करत होतं. शहर कुठलं, गोदाम कुणाचं, हे कुणी विचारलं नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं. वीस वीस वर्षं डोळे मिटून घेणारी माणसं आता तुकडा नाकाला लावू लागली. "आजचंच ना?" असं विचारू लागली. अर्धेशेठ म्हणत, "हो." वडील असते तर दोन विनोद केले असते, तिसऱ्याला हसता हसता पाव किलो जास्त गळ्यात मारलं असतं. यांचा 'हो' पण अर्धा वाटायचा.

नेमकं त्याच सुमाराला समोर, बाईंच्या जिन्याखाली, थंडगार दुकान सुरू झालं. आत पांढराशुभ्र उजेड, काचेची कपाटं, पाकिटात बंद केलेलं मटण आणि टोपी-हातमोजे घातलेली एक मुलगी. आत खरेदी चालली आहे की ऑपरेशन, ते बाहेरून कळू नये. आणि एका रविवारी बाई जिना उतरल्या, शेवटच्या पायरीवर थांबल्या, रस्त्यापलीकडे अर्धेशेठकडे बघून हात जरासा वर केला, आणि वळून त्या थंडगार दुकानात शिरल्या.

अर्धेशेठचा सत्तूर वरच्या वर राहिला. त्यांना वाईट वाटलं. गिऱ्हाईक गेल्याचं वाईट वाटणं वेगळं, ते धंद्यात रोजचंच. हे तसलं नव्हतं. त्यांना वाटलं, शाळेचा निकाल पुन्हा लागला आणि या वेळी बाईंनी ते एक वाक्यही परत घेतलं.

महिनाभरात रांग पलीकडे गेली. बायकोने आठ दिवस कळ काढली आणि मग आपल्या भावाला फोन केला.

हा मेव्हणा म्हणजे एक प्रकरण होतं. त्याने आजवर पाण्याची यंत्रं विकली, विमा विकला, गुडघ्याचे पट्टे विकले, आणि आता तो दुसऱ्यांना विकायचं कसं ते शिकवत होता. 'ग्राहकांचा विश्वास' या विषयावरचं दोन दिवसांचं शिबिर करून आला होता आणि तिथून एकच शब्द घेऊन आला होता. पारदर्शकता. चार दिवसांच्या बोलीवर आला, बॅग ठेवली, पहिल्याच जेवणाला "वा ताई, मटण!" म्हणून बोटं चाटली आणि म्हणाला, "भावोजी, नुसता विश्वास असून काय उपयोग? तो दिसला पाहिजे."

विश्वास दिसावा म्हणून पहिल्यांदा दुकानाला काच बसली. अर्धी काच पक्की, अर्धी सरकती. माशा येऊ नयेत म्हणून सरकती काच बंद. आत पांढरा डगला घालून अर्धेशेठ कापताहेत आणि बाहेरून जगाने बघावं, असा बेत. पण काचेतून बोललेलं ऐकू येईना. मग लोक खुणा करू लागले. ज्याला मांडीचं हवं तो आपली मांडी थोपटायचा. ज्याला बरगड्या हव्यात तो काखेखाली बोटं फिरवायचा. एक जाडजूड गृहस्थ मान पकडून इतका वेळ उभे राहिले की मागच्या एका गिऱ्हाइकाने त्यांना पाणी आणून दिलं. आणि अर्धेशेठ, ज्यांना शाळेत कुणी बघत असलं की पाढे आठवत नसत, ते इतक्या डोळ्यांसमोर बोट कापून बसले. पांढऱ्या डगल्यावर तांबडा डाग पडला आणि बाहेर कुणीतरी लगेच त्याचा फोटो काढला.

"दार उघडं ठेवा," अर्धेशेठ म्हणाले. आयुष्यात क्वचितच ते असं पूर्ण वाक्य बोलले असतील. त्या दिवसापासून दुकान चालू असेपर्यंत सरकती काच पूर्ण सरकवलेली असायची. ती पक्क्या काचेच्या मागे जाऊन बसायची.

मेव्हणा खचला नाही. "माल कुठून आला ते लोकांना कळू दे," म्हणत त्याने काचेच्या आत, लोकांना दिसेल असा एक काळा फळा टांगला. त्यावर रोज बोकडाचा फोटो आणि खाली सुबक अक्षरात माहिती. 'आजचा बोकड. वय दीड वर्ष. स्वभाव खेळकर. आवड कोवळा पाला. कपाळावर खाजवलेलं त्यास फार आवडे.' त्या 'आवडे'ने घात केला. एका आजोबांनी ते वाचून टोपी काढली, थोडा वेळ खाली मान घालून उभे राहिले आणि शेजारून अंडी घेऊन घरी गेले. एक बाई तर अर्धेशेठकडे अशा नजरेने बघून गेल्या की त्यांनी सुरा पाठीमागे लपवला. फोटो त्याच दुपारी उतरला. फळा तेवढा राहिला.

"आता एक बोर्ड," मेव्हणा म्हणाला. "एकच वाक्य. काळजाला भिडेल असं. 'विश्वास आमचा श्वास' लिहू?"

"नको," अर्धेशेठ म्हणाले. "मला एकच सांगायचंय लोकांना. आपल्याकडे शिळं..." आणि थांबले.

"शिळं काय, भावोजी?"

"मिळणार नाही."

"मग तेच लिहू. तुमचे शब्द, तुमच्या मनातलं. यालाच अस्सलपणा म्हणतात."

संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर मेव्हण्याने काचेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पिवळाधम्मक पट्टा चिकटवला आणि त्यावर वीतभर लांबीची लाल अक्षरं. 'येथे शिळे मटण मिळणार' एवढं पक्क्या काचेवर मावलं. 'नाही' गेलं सरकत्या काचेवर. दोघे रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. येथे शिळे मटण मिळणार नाही. अर्धेशेठना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते दोनदा वाचलं, शेवटच्या शब्दापर्यंत. मग दोघे घरी जाऊन मटण जेवले.

सकाळी दुकान उघडलं. सरकती काच सरकली, पक्क्या काचेच्या मागे गेली, आणि 'नाही' त्या पिवळ्या पट्ट्याआड दडी मारून बसलं. आतून दिसायची ती नुसती पट्ट्याची पाठ, त्यामुळे आतल्या माणसाला काही पत्ता नाही. बाहेर मात्र सगळ्या रस्त्याला ठणठणीत वाचता येत होतं. येथे शिळे मटण मिळणार. बंद असलं की प्रामाणिक आणि उघडलं की लबाड, असं दुकान त्या गल्लीने पहिल्यांदाच पाहिलं.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते कुत्रा घेऊन. "शिळं किती दिवसांचं आहे?" त्याने सरळ विचारलं.

"काय?"

"याला चालतं हो. फक्त अगदी हिरवं नको."

अर्धेशेठनी त्याला ज्या शब्दांत घालवलं ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. तासाभराने गळ टाकून मासे धरणारा एकजण आला. त्याला वासाचं हवं होतं. "जितकं जुनं तितकं बरं. मासा लांबून येतो." अर्धेशेठना वाटलं, गल्ली आता तोंडावर थट्टा करायला लागली. तो व्हिडिओ, ती रांग, आणि आता हे. त्यांनी मासेवाल्याला सत्तूर दाखवला. मासेवाला जाता जाता म्हणाला, "मग लिहिता कशाला?" पण तो काय म्हणतोय हे ऐकायच्या मनःस्थितीत ते नव्हते.

इकडे घरात वेगळंच संकट वाढत होतं. अर्धेशेठ हल्ली अर्धाच बोकड आणत, पण अर्धा बोकड म्हणजे काही चेष्टा नव्हे. उरलं ते घरी, हा नियम. पूर्वी उरायचं मूठभर, आता उरायचं जवळजवळ सगळंच. बायको बारा वाजायची वाट बघत नसे, दहालाच पातेलं घेऊन मागच्या दाराने यायची. "किती उरणार ते दिसतंयच की," म्हणायची आणि आकड्यावरचं काढून न्यायची. दुकानामागच्या दोन खोल्यांत सकाळ-संध्याकाळ मटण शिजत होतं. अर्धेशेठच्या आईच्या तोंडात चार दात, तिला सूप. बायकोने आधी सुकं केलं, मग पातळ केलं, मग नुसतं उकडलं, मग काही सुचेना तेव्हा परत सुकं. शेजारच्या गल्लीतल्या बहिणीकडे डबे जायचे. दहाव्या डब्याला बहीण दार न उघडता आतून म्हणाली, "तू ये, पण हात हलवत ये."

मेव्हण्याची चार दिवसांची बोली कधीच उलटली होती, पण काम अर्धवट टाकून जाणं त्याच्या शिबिरात बसत नव्हतं. परवा आईने त्याला दाराआड उभं राहून कच्चं गाजर खाताना पकडलं. डोळे मिटून खात होता बिचारा.

बोर्ड लागून आठवडा झाला असेल. बारा वाजायला थोडा वेळ होता. अर्धेशेठ मटण कापायचा ओंडका खरवडत होते, आणि समोरच्या जिन्यावरून बाई उतरल्या. काठी टेकत टेकत त्यांनी रस्ता ओलांडला. हातात पिशवी नव्हती. 

"अर्ध्या, बाहेर ये."

अर्धेशेठ डगल्याला हात पुसत बाहेर आले. मागून मेव्हणाही आला.

"वाच."

"काय, बाई?"

"तुझ्या दुकानावर लिहिलंय ते. मोठ्याने. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

अर्धेशेठनी मान वर केली. "येथे शिळे मटण मिळणार..." आणि थांबले. या खेपेला मात्र दोष त्यांचा नव्हता, पुढे शब्दच नव्हता.

मेव्हणा कपाळावर हात मारून म्हणाला, "काच! भावोजी, काच मागे गेली!"

कुत्रेवाला, मासेवाला, त्याचं ते 'मग लिहिता कशाला', सगळं एकदम अर्धेशेठच्या डोक्यात उजेडासारखं पडलं. ते पार मेल्याहून मेल्यासारखे झाले. आठ दिवस आपण स्वतःच्या हाताने, लाल अक्षरात, रस्त्याला ओरडून सांगत होतो.

"या वयात तरी वाक्य पूर्ण करशील असं वाटलं होतं," बाई म्हणाल्या. "वरून खिडकीतून रोज वाचतेय. पहिल्या दिवशी हसले. तुझं वाक्य आहे, शेवटी गळणारच, ते कळलं मला. पण बोर्डाचं सोड. मला दुसरंच विचारायचंय."

"विचारा, बाई."

"रोज सकाळी तुझ्या आकड्याला माल दिसतो. काच लावलीस ना, सगळं दिसतं. गिऱ्हाईक येत नाही, तेही दिसतं. आणि दुपारपर्यंत आकडा रिकामा. मग ते जातं कुठे, अर्ध्या?"

आता खरं तर उत्तर तीन शब्दांचं होतं. पण वडिलांचा तिसरा नियम आडवा आला. घरातलं ताट दाखवायचं नाही. धंदा इतका बुडालाय की सकाळ-संध्याकाळ आम्हीच गिळतोय, हे कसं सांगायचं, आणि तेही बाईंना? अर्धेशेठनी खाली बघितलं. डगल्याचं बटण पिरगाळलं. 

बाईंचा चेहरा उतरला. "मी तुझ्या वडिलांना शब्द दिला होता," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "की हा खोटं बोलत नाही. आता तू गप्प बसायला शिकलास. गप्प बसणं हे खोट्याचं धाकटं भावंड असतं, बाळा. मी एवढंच विचारते. कुठे विकतोस तू ते?"

अर्धेशेठच्या डोळ्यांत पाणी आलं. 

तेवढ्यात मागच्या खोलीतून बायकोची हाक आली, "अहो, चला, पानं वाढलीत! गार होतंय!"

आणि मेव्हण्याच्या तोंडून, त्याच्याही नकळत, असा काही हुंदका निघाला की बाई दचकल्या.

"परत तेच," मेव्हणा म्हणाला. "बाई, तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला दयामाया असेल. सकाळी मटण, संध्याकाळी मटण. मला स्वप्नात कोबी दिसतो हो! काहीही करा, पण उद्यापासून तुम्ही विकत घ्या. सगळ्या गल्लीला घ्यायला लावा. मला एकदा, फक्त एकदा, साधी पालेभाजी खाऊ द्या!"

बाईंनी एकदा मेव्हण्याकडे बघितलं, एकदा अर्धेशेठकडे, आणि काठी टेकत सरळ दुकानातून मागच्या खोलीत गेल्या. अर्धेशेठ "बाई, बाई" करत मागे.

खोलीत तीन ताटं मांडलेली. तिन्ही ताटांत मटण. आईपुढे सुपाचा वाडगा, आणि आई त्याच्याकडे जुन्या वैऱ्याकडे बघावं तशी बघत बसलेली. चुलीजवळ मोठं पातेलं, खिडकीत बहिणीचे परत आलेले डबे. बायको पदराला हात पुसत उठली, "बाई, तुम्ही? या ना... जेवायलाच या." आणि मग तिलाच एकदम हसू आलं, आणि हसता हसता रडूही आलं. "खोटं नाही सांगत, खूप आहे."

बाई उंबऱ्यातच उभ्या होत्या. "हे रोज?"

"उरलेलं घरी खायचं," आई म्हणाली. "याच्या वडिलांचा नियम. आणि हा वेडा कुणाला सांगायचा नाही. तोही नियम. दोन नियमांच्या मध्ये मी सूप पिऊन पिऊन मरायला टेकलेय."

बाईंनी ताटं, पातेलं, डबे सगळं एकदा बघून घेतलं. मग अर्धेशेठकडे वळल्या. "आणि तुला वाटलं मी तुझ्यावर विश्वास नाही म्हणून पलीकडे गेले?"

"त्या रविवारी तुम्ही..."

"त्या रविवारी माझा गुडघा धरला होता! रस्ता ओलांडवेना. तुला हात केला, म्हटलं येईल पोचवायला. तू सत्तूर धरून पुतळ्यासारखा उभा. मग घेतलं खालच्या खाली. पाकिटावर 'ताजे' नाही, 'ताझे' लिहिलंय. ज्यांना ज आणि झ कळत नाही, त्यांच्या तारखेवर मी काय विश्वास ठेवू? पण गुडघ्यापुढे इलाज नव्हता."

एका गुडघ्यापायी काच बसली होती, डगला शिवला गेला होता, एका बोकडाचं चरित्र लिहिलं गेलं होतं. मेव्हणा हळूच म्हणाला, "बाई, माझ्याकडे गुडघ्याचा पट्टा आहे," पण बायकोने त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

"चल दुकानात," बाई म्हणाल्या. "खडू आहे?"

फळ्याखाली खडू होता. बाई तिथल्या स्टुलावर बसल्या. "पाच गुणांसाठी. अर्थ न बदलता होकारार्थी करा. येथे शिळे मटण मिळणार नाही."

हा प्रश्न अर्धेशेठना शाळेत तीनदा आला होता आणि तीनदा चुकला होता. त्यांनी खडू हातात घेतला. कपाळावर घाम आला. मेव्हणा मागून कुजबुजला, "ताजेच मिळेल, ताजेच मिळेल." बाईंनी काठी आपटली. "सांगायचं नाही."

अर्धेशेठनी फळ्याकडे बघितलं. मग सावकाश, एकेक अक्षर गिरवत, त्यांनी लिहिलं.

'उरलेले आम्ही खातो.'

शेवटी टिंबसुद्धा दिलं. बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला आणि पुन्हा वाचलं.

"चार गुण," त्या म्हणाल्या.

"बाई, एक का कापला?"

"कापायचा मक्ता काय तुझ्या एकट्याकडेच आहे?" बाईंचा आवाज जरा ओला झाला होता, म्हणून त्यांनी तो लगेच कडक केला. "चल, आता नेहमीचं दे. पिशवी आणली नाही, कागदात बांध."

नेहमीचं. किती दिवसांनी ऐकला तो शब्द. आज बायकोने एक पुढचा फरा मागे ठेवला होता, तो आकड्याला अजून लटकत होता. अर्धेशेठनी सुरा उचलला, आणि त्यांची नजर घड्याळाकडे गेली. बारा वाजून गेले होते.

त्यांनी सुरा खाली ठेवला. "बाई, आता मिळणार नाही."

"भावोजी!" मेव्हणा किंचाळला. "एवढ्या दिवसांनी एक गिऱ्हाईक..."

"बारा वाजले," अर्धेशेठ म्हणाले. "बाई, राग मानू नका. उद्या सकाळी मी स्वतः घरी आणून देतो. आता मात्र मिळणार नाही."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "वाक्य पूर्ण बोललास," त्या म्हणाल्या. "पाच."

आतून आई ओरडली, "विकत नाही म्हणाला, जेवायला नाही कुठे म्हणाला! बसवा त्यांना!"

मेव्हणा पळत आत गेला आणि स्वतःचं ताट घेऊन आला. जगात इतक्या आनंदाने कुणी कुणाला आपलं ताट दिलं नसेल. बाई दुकानातच, स्टुलावर, ताट मांडीवर घेऊन बसल्या आणि जेवू लागल्या. पहिला घास घेण्याआधी त्यांनी ताटात डोकावून बघितलं नाही.

अर्धेशेठनी रोजच्यासारखी सरकती काच ओढली. पिवळ्या पट्ट्याआडून 'नाही' सरकत बाहेर आलं आणि आपल्या जागी जाऊन बसलं. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबली. त्यांनी बोर्ड वाचला, फळा वाचला, आणि काचेआड मजेत हाड चोखणाऱ्या बाई बघितल्या. थंडगार दुकानातली मुलगीसुद्धा टोपी काढून दारात आली.

मग गर्दीतल्या एकाने काचेजवळ येऊन आपली मांडी थोपटली. त्याच्या मागच्याने काखेखाली बोटं फिरवली. ते जाडजूड गृहस्थ कुठून तरी आले आणि त्यांनी मान पकडली.

अर्धेशेठनी आतून घड्याळाकडे बोट दाखवलं आणि हात हलवून सगळ्यांना 'नाही' म्हटलं. नाही म्हणताना इतका आनंद त्यांना आयुष्यात कधी झाला नव्हता.